रॅम वाढवण्याआधी बाइट मोजा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या जिल्हा पानावर एका महाविद्यालयाची बातमी होती. सव्वाशे वर्षांच्या पावसाच्या नोंदींवरून कृष्णाकाठच्या पुराचा अभ्यास करायला मुलं बसली, प्रयोगशाळेतले ८ जीबी रॅमचे (रॅम म्हणजे चालू कामाचा डेटा धरणारी मेमरी) संगणक 'एवढा डेटा पेलत नाहीत' म्हणून अडकले, शेवटी रोजच्या नोंदी सोडून मासिक सरासरीवर प्रकल्प उरकला आणि आता ६४ जीबी रॅमच्या यंत्रांचा प्रस्ताव वर गेलाय, असा तो मजकूर.

माझं सांगलीत पेठेत संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. असले प्रस्ताव मंजूर झाले तर आमच्यासारख्यांचंच भलं होतं, त्यामुळे खरं तर मी गप्प बसायला हवं. पण शिवाजी विद्यापीठातून संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून मग हातात स्क्रू ड्रायव्हर घेतलेला माणूस आहे मी. 'डेटा मोठा असल्याने मासिक सरासरी वापरली' हे वाक्य वाचून राहवलं नाही. रॅम घ्यायची तर घ्या. पण पुराचा अभ्यास आणि मासिक सरासरीवर?

जुलैचे ३१ दिवस रोज ३ मिलिमीटर भुरभुर झाली, तर बेरीज ९३. तीस दिवस कोरडे गेले आणि एकाच रात्रीत ९३ मिलिमीटर कोसळला, तरी बेरीज ९३च. मासिक सरासरीला दोन्ही महिने सारखे. जतच्या शेतकऱ्याला विचारा सारखे आहेत का. पहिल्यात नुसती धूळ बसते, दुसऱ्यात बांध फुटतो. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. म्हणजे सरकारदरबारीसुद्धा हिशेब दिवसाचा होतो, महिन्याचा नाही.

शिवाय सांगलीचा पूर सांगलीच्या पावसाने येत नाही, हे इथल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे. पाऊस पडतो महाबळेश्वर, नवजा, कोयनानगरला. कोयना कराडला कृष्णेत मिसळते, वारणा हरिपूरला येऊन मिळते, आणि खाली नृसिंहवाडीला पंचगंगा फुगलेली असली की आमचं पाणी पुढे सरकत नाही. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ते महिन्याच्या सरासरीने चढलं नव्हतं. घाटमाथ्यावर कोणत्या दिवशी किती पडला, लागोपाठ किती दिवस पडला, याने चढलं. दिवस पुसून टाकलेत तर अभ्यासाला उरलं काय?

आता 'मोठा डेटा' म्हणतात तो किती मोठा आहे ते मोजू. हा हिशेब कागदावर होतो, त्याला संगणकच लागत नाही.

भारतीय हवामान खात्याच्या पुणे कार्यालयाने देशभराच्या रोजच्या पावसाचा चौकोनी जाळ्यातला डेटा तयार केलाय. चौकोनाची बाजू पाव अंश, म्हणजे साधारण २७ किलोमीटर. पूर्व-पश्चिम १३५ बिंदू, दक्षिण-उत्तर १२९. दिवसाला १७,४१५ आकडे. नोंदी १९०१ पासून. २०२३ पर्यंत धरलं तर १२३ वर्षं, ३० लीप वर्षं मिळवून ४४,९२५ दिवस. गुणाकार केला की ७८ कोटी २३ लाख ६८ हजार ८७५ आकडे. फाईलमध्ये एका आकड्याला ४ बाइट, म्हणजे सगळे मिळून ३१३ कोटी बाइट. शंभर कोटी बाइटचा एक जीबी धरला तर ढोबळ ३ जीबी.

मग ८ जीबीच्या लॅपटॉपने हात का टेकले? ३ जीबी तर सहज मावायला हवेत.

इथंच मेख आहे. आपल्याकडच्या संख्याशास्त्राच्या पोरांचं काम बहुतेक 'आर' या संगणकभाषेत चालतं. आरमध्ये दशांश संख्या ८ बाइटचीच असते, ४ बाइटचा प्रकारच त्यात नाही. म्हणजे फाईल वाचताक्षणी ३१३ कोटींचे ६२६ कोटी झाले. या डेटात जिथं नोंद नाही (समुद्र, देशाबाहेरचा भाग) तिथं उणे ९९९ लिहिलेलं असतं. पोरगं पहिलीच आज्ञा देतं: जिथं उणे ९९९ असेल तिथं रिकामं कर. त्यासाठी आर आधी प्रत्येक आकड्यापुढे हो-नाहीची खूण मांडतं आणि आरमधली ही एक खूणसुद्धा ४ बाइट खाते. आणखी ३१३ कोटी. त्यात बदल करताना आकड्यांच्या मांडणीची, म्हणजे मूळ अ‍ॅरेची नक्कल झाली, आणि ती बरेचदा होते, तर आणखी ६२६ कोटी. बेरीज १,५६५ कोटी बाइट. १६ जीबीच्या यंत्रातसुद्धा विंडोजचं पोट भरून एवढं उरत नाही. पडद्यावर 'कॅनॉट अलोकेट व्हेक्टर' येतं आणि लॅपटॉप माझ्या काउंटरवर. "काका, हँग होतोय. रॅम टाकून द्या."

३२ जीबी टाकली तर हे काम होईल, नाही कशाला म्हणू. पण पुढच्या वर्षी कोणी सर म्हणणार की दिवसाचा नको, ताशी पाऊस बघू. युरोपच्या हवामान केंद्राचा ईआरए-फाइव्ह हा डेटा फुकट मिळतो. त्याचं जाळंही पाव अंशाचं, नोंदी तासातासाच्या आणि १९४० पासून. आपल्या देशाएवढाच तुकडा घेतला तरी २०२३ पर्यंत ५,१२९ कोटी बाइट होतात. आरमध्ये दुप्पट, दहा हजार कोटींच्या वर. प्रस्तावातलं ६४ जीबीचं यंत्रही तिथं पहिल्याच आज्ञेला आडवं होणार. मग काय, १२८ चा प्रस्ताव?

साखर कारखान्याच्या गव्हाणीत सगळ्या तालुक्याचा ऊस एकदम कोणी ओतत नाही. गाड्या नंबराने येतात, गव्हाण आहे तेवढीच राहते आणि हंगाम पार पडतो. डेटाचंही तेच करायचं.

आणि मुळात देशभराचा डेटा आत घ्यायचाच कशाला? अभ्यास कृष्णाकाठचा आहे. अक्षांश १६ ते १८.२५ आणि रेखांश ७३.५ ते ७५.७५ एवढा चौकोन काढा. सातारा, सांगली आणि कोल्हापूरचा बराचसा भाग त्यात येतो. दहा बिंदू आडवे, दहा उभे, एकूण १००. शंभर बिंदू, ४४,९२५ दिवस, ४ बाइट: १ कोटी ८० लाख बाइट. १८ एमबी! ३१३ कोटींतून एवढंच हवं होतं. यात दिवस एकही गाळलेला नाही. सव्वा शतकातला प्रत्येक दिवस शाबूत आहे.

कापायचं कसं? डेटा वर्षावार फाइलींत मिळतो, एक फाईल अडीच कोटी बाइटची. एक उघडा, शंभर बिंदू बाजूला काढा, फाईल बंद करा, पुढची घ्या. कोणत्याही क्षणी रॅममध्ये एकच वर्ष असतं.

एवढं साधं असून त्यात एक खोच आहे. पलूसची एक मुलगी आली होती, एम.एस्सी.चीच. ती पायथन या दुसऱ्या संगणकभाषेत अगदी असंच करत होती, वर्षामागून वर्ष, शंभर बिंदू काढून यादीत टाकत होती. तरी मशीन भरत होतं. दुकानातल्या टेबलावर टास्क मॅनेजर उघडून प्रोग्राम चालवला. मेमरीची रेघ पायऱ्यापायऱ्यांनी चढत होती, प्रत्येक वर्षाला एक पायरी, आणि पायरी बरोबर अडीच कोटी बाइटची. म्हणजे ती ठेवत होती शंभर बिंदू, पण आत राहत होतं पूर्ण वर्ष. कारण असं की नमपायमध्ये (पायथनमधल्या आकडेमोडीच्या संचात) अ‍ॅरेचा तुकडा कापला की नवा अ‍ॅरे तयार होत नाही. मूळ अ‍ॅरेवर नुसती खिडकी उघडते. खिडकी जिवंत आहे तोवर मागचं सगळं घर जिवंत राहतं. तुकड्याच्या पुढे 'डॉट कॉपी' लिहिलं, परत चालवलं. रेघ आडवी झाली ती शेवटपर्यंत आडवीच. मुलगी म्हणाली, "काका, सरांनी सांगितलं होतं १६ जीबी कर म्हणून." मी फक्त पंखा साफ करून दिला, त्याचे पैसे घेतले.

ज्यांना आणखी खोलात जायची हौस आहे त्यांच्यासाठी एक गंमत. हवामान खात्याच्या बायनरी फाइलीत सांगली कुठं बसते हे बोटाने दाखवता येतं. मांडणी दक्षिणेकडून सुरू होते, ६.५ अक्षांशावरून, आणि पश्चिमेकडून, ६६.५ रेखांशावरून. सांगलीजवळचा बिंदू १६.७५ आणि ७४.५. म्हणजे खालच्या ४१ ओळी सोडायच्या, मग आडवे ३२ आकडे सोडायचे. ४१ गुणिले १३५ अधिक ३२, म्हणजे ५,५६७ आकडे ओलांडले की पुढचा आकडा सांगलीचा. बाइटमध्ये २२,२६८. तिथून ६९,६६० बाइटची उडी मारली की दुसऱ्या दिवसाची सांगली. १२३ वर्षांची सांगली अशी उड्या मारत गोळा केली तर १ लाख ८० हजार बाइट होते.

उड्या मारणं दिसतं स्वस्त, पण डिस्क कधी ४ बाइट देत नाही. ती सहसा ४,०९६ बाइटचं अख्खं पान उचलून देते. म्हणजे १ लाख ८० हजार बाइटसाठी १८ कोटी बाइट वाचले जातात. एकदा केलं तर ठीक. पण दर वेळी प्रत्येक बिंदूसाठी हेच करत बसलात तर मशीन रात्रभर घरघरेल. त्यामुळे डेटा कोणत्या बाजूने मांडलाय आणि आपला प्रश्न कोणत्या बाजूचा आहे, हे आधी बघायचं. '२६ जुलै २००५ ला देशभर कुठं किती पडला' हा प्रश्न दिवसाच्या बाजूचा, फाईल त्यासाठी सोयीची. 'नवज्याला शंभर वर्षांत किती वेळा २०० मिलिमीटर ओलांडले' हा जागेच्या बाजूचा, त्यासाठी फाईल आडवी येते. असे प्रश्न बरेच असतील तर एकदाच बसून फाईल उलट्या मांडणीत लिहून ठेवावी: आधी एका जागेचे सगळे दिवस, मग दुसरी जागा. देशभराची लिहायची असली तरी घाबरायचं कारण नाही. १२९ ओळींतल्या तेरा-तेरा ओळी घ्या, दहा फेऱ्यांत होतं, एका फेरीला ३१-३२ कोटी बाइट. ४ जीबीच्या जुन्या यंत्रावरही जमतं.

तुकड्यांनी काम करायचं तर गणित थोडं बदलतं, आणि सरांनी वर्गात फळ्यावर शिकवायला हवं ते हेच. बेरीज, सर्वांत मोठा आकडा, किती दिवस पाऊस झाला याची मोजणी, ही सरळ कामं. तुकड्याची काढा, पुढच्यात मिळवा. सरासरीला मात्र सरासऱ्यांची सरासरी काढायची नाही. बेरीज आणि मोजणी वेगवेगळी सांभाळायची आणि शेवटी भागायचं, नाहीतर २८ दिवसांचा फेब्रुवारी आणि ३१ दिवसांचा जुलै एकाच तागडीत बसतात, आणि नोंदी नसलेले दिवस आणखी गोंधळ घालतात. प्रमाण विचलनासाठी वेलफर्डची १९६२ ची रीत आहे. आकडा येईल तसा सरासरी आणि फरक दोन्ही सुधारत जायचं, मागचे आकडे जपून ठेवायची गरज नाही. एम.एस्सी.ला असताना हे आम्हाला कोणी शिकवलं नाही. दुकानात रिकाम्या वेळी शिकलो.

मध्यक (आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधला) आणि शतमक यांचं मात्र असं होत नाही. दहा तुकड्यांच्या मध्यकांवरून सगळ्याचा मध्यक निघत नाही, कितीही डोकं लावा. तिथं जागेच्या बाजूने कापायचं: एका वेळी एक बिंदू, त्याचे सगळे ४४,९२५ दिवस. दोन लाख बाइटसुद्धा होत नाहीत. म्हणून म्हणतो, कापणं महत्त्वाचं आहेच, पण कोणत्या बाजूने कापायचं हे प्रश्नाने ठरवायचं.

कापलेल्या जागी शिवणही सांभाळावी लागते. लागोपाठ पावसाचे दिवस मोजायचे आणि डेटा महिन्यामहिन्याने कापला, तर २०१९ ची झड दोन तुकड्यांत जाते, कारण ती जुलैअखेर सुरू होऊन ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत चालली. मोजणी करणाराला दोन छोट्या झडी दिसतात आणि पूर आणणारी लांब झड गायब होते. म्हणून मागच्या तुकड्याची शेपटी पुढच्यात न्यायची. कोयनेच्या भूकंपाच्या नोंदींना हीच काळजी. सेकंदाला १०० वेळा तिन्ही दिशांची हालचाल टिपणारं यंत्र दिवसाला २ कोटी ५९ लाख आकडे ओतून देतं, ४ बाइटने वर्षाला ३,७८४ कोटी बाइट. ते तासातासाने कापूनच वाचावं लागतं. तासाच्या शेवटच्या पाच सेकंदांत धक्का सुरू झाला तर तो दोन तुकड्यांच्या फटीत पडू नये म्हणून तुकडे एकमेकांवर थोडे चढवतात. कराडजवळ हजारमाचीला केंद्राच्या भूविज्ञान मंत्रालयाची भूकंप आणि खोल बोअरहोलवर काम करणारी प्रयोगशाळा आहे. महाविद्यालयांनी मुलांना तिथं न्यावं, असलं काम रोज करणारी माणसं आपल्या दाराशी आहेत.

४ बाइटबद्दल एक सावधगिरी, कारण मी वर त्याची तरफदारी केली आहे. साठवायला ४ बाइट उत्तम. पाऊस मिलिमीटरच्या दशांशापर्यंतच खरा अर्थ ठेवतो, त्यामुळे दहाने गुणून २ बाइटच्या पूर्णांकात ठेवला तरी चालतं. त्यात ३,२७६.७ मिलिमीटरपर्यंत मावतं, आणि सांताक्रूझला २६ जुलै २००५ ला पडला तो ९४४. शंभर बिंदूंची आपली फाईल मग ९ एमबीवर येते. पण बेरीज करताना भांडं मोठं घ्या. ४ बाइटच्या दशांश संख्येत १,६७,७७,२१६ ला पोचलात की पुढे १ मिळवला तरी आकडा हलत नाही, मशीन तक्रारही करत नाही. कोट्यवधी दिवस-बिंदूंची बेरीज ४ बाइटमध्ये केली तर नंतरचा पाऊस चुपचाप वाहून जातो. ठेवा लहानात, मिळवा ८ बाइटमध्ये.

एक्सेलबद्दल थोडक्यात. त्यात १०,४८,५७६ ओळी मावतात, एक जास्त नाही. आपले शंभर बिंदू ओळीओळीने लिहिले तर ४४,९२,५०० ओळी होतात. एक्सेल उघडताना सांगतं की सगळा डेटा बसला नाही, पोरं ओके दाबतात आणि उरलेल्या पाव डेटावर आलेख काढतात. तो आलेख प्रकल्पात छापून येतो, बाइंडिंगसकट. सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी तोडलेल्या मजकुराच्या फाइलीत) तारीख प्रत्येक ओळीत मजकूर म्हणून लिहिलेली असेल तर पायथनच्या पांडाज या तक्त्यांच्या संचात ती एकटी पावसाच्या कितीतरी पट जागा खाते. तारखेचा प्रकार तारीखच करा, मजकूर नको.

द्राक्षपट्ट्यातले विद्यार्थी उपग्रहाची चित्रं घेऊन येतात, त्यांचीही रड हीच. सेंटिनेल-टूचं एक चित्र १०,९८० बाय १०,९८० ठिपक्यांचं. एका रंगपट्ट्याला २ बाइटने २४ कोटी बाइट, पण हिरवाईचा निर्देशांक काढताना ८ बाइटचं केलं की ९६ कोटी. दोन पट्टे आणि उत्तर मिळून २८९ कोटी. तासगावच्या चार बागा बघायच्या असतील तर तेवढीच खिडकी वाचा, बाकीचं चित्र डिस्कवर पडू द्या. (आणि पावसाळ्यात हे चित्र ढगांनी भरलेलं असतं. पुराचं पाणी बघायचं तर सेंटिनेल-वनचं रडार घ्या, ते ढगातून बघतं.)

आणखी एक गोष्ट या पावसाच्या जाळ्याबद्दल सांगायला हवी. मेमरीशी तिचा संबंध नाही, पण पुराचा आहे. महाबळेश्वर आणि वाई सरळ रेषेत साधारण पंचवीस किलोमीटरवर, आणि पावसात जमीन-अस्मानाचं अंतर. २७ किलोमीटरच्या चौकोनात घाटाची ती धार बोथट होते. शिवाय हवामान खात्याचा 'दिवस' सकाळी साडेआठला संपतो. ५ ऑगस्टच्या नावावर लिहिलेला पाऊस ४ तारखेच्या सकाळी साडेआठनंतरचा असतो. नदीची पातळी मध्यरात्रीच्या तारखेने घेतली आणि पाऊस असा घेतला, तर पाणी पावसाच्या आधी चढल्यासारखं दिसतं आणि मुलं त्यावर पानभर स्पष्टीकरण लिहितात. ६४ जीबी रॅम हे दुरुस्त करत नाही.

रॅम खरंच लागते अशी कामं आहेत, तेही सांगतो, नाहीतर म्हणाल दुकानदार उलटाच निघाला. या जाळ्यातल्या प्रत्येक बिंदूचा प्रत्येक बिंदूशी संबंध काढायचा तर १७,४१५ गुणिले १७,४१५, म्हणजे ३० कोटी आकड्यांचा तक्ता, ८ बाइटने २४३ कोटी बाइट, आणि तो सोडवताना त्याच्या दोन-तीन नकला लागतात. असा तक्ता तुकड्यांनी सोडवता येतो, पण ते एम.एस्सी.च्या पोराचं काम नाही. तिथं सरळ मोठं यंत्र घ्यावं. त्याहून मोठं काम असेल तर पुण्यात आयसर या विज्ञानसंस्थेत राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मोहिमेतला परम ब्रह्म हा महासंगणक आहे, अशा यंत्रांवर वेळ कसा मागायचा ते प्राध्यापकांनी शिकून घ्यावं. पण तिथंही मेमरी किती लागेल हा आकडा आधी विचारतात. तो आकडा काढता येत नसेल तर रांगेत उभं राहून उपयोग नाही.

माझी महाविद्यालयाला विनंती एवढीच की सत्राच्या पहिल्या प्रात्यक्षिकात हा बाइटचा गुणाकार घ्या. फाईल उघडण्याआधी मुलांनी वहीत लिहावं: आकडे किती, एका आकड्याला बाइट किती, नकला किती होतील. मग टास्क मॅनेजर उघडा ठेवून प्रोग्राम चालवावा आणि रेघ वहीतल्या आकड्याशी जुळते का बघावं. जुळली नाही तर का नाही, हे शोधण्यात दोन तास गेले तरी ते सत्कारणी लागतील. आणि कृष्णाकाठचे शंभर बिंदू एकदाच काढून प्रयोगशाळेच्या संगणकावर ठेवा. दर वर्षी नवी बॅच तेच ३ जीबी उतरवून तिथंच अडकते आहे.

मासिक सरासरीवर उरकलेला तो प्रकल्पही याच वर्षी रोजच्या नोंदींवर परत करून घ्यावा. नवीन यंत्रं यायची वाट बघण्याचं कारण नाही, आहेत त्या ८ जीबीवर तो एका दुपारात चालेल.

प्रस्ताव मागे घ्या असं म्हणत नाही. कोटेशन मागवाल तेव्हा माझंही येईल, आणि त्यात असं असेल: मोठ्या तक्त्यांसाठी ३२ जीबीची दोन यंत्रं, बाकी सगळ्या जुन्या यंत्रांतल्या फिरत्या हार्ड डिस्क काढून तिथं एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क), कारण रॅम भरल्यावर विंडोज डिस्कवर पानं टाकायला लागतं आणि पोरांना जो 'हँग' दिसतो तो खरा तिथला असतो, आणि तळमजल्यावरची यंत्रं पहिल्या मजल्यावर नेण्याची हमाली. ती मी बिलात लावणार नाही. माझ्या दुकानात २०१९ ला पाणी आलं होतं.

आपला,
एक संगणक दुरुस्तीवाला, सांगली
(नाव छापू नये. रॅमचे घाऊक व्यापारी मला उधारीवर माल देतात.)